हजाराच्या आत

पनवेलच्या दिव्यांवर चाकं खाली सोडली
आणि पडद्यावर पिवळी अक्षरं उगवली.
घंटा एकदाच वाजली, दारावर अनोळखी माणूस आल्यासारखी.
नेहमीचा ब्रेक गेला होता. त्याच्या जागी उभा राहणारा होता,
पण अर्धाच: अडकलेलं चाक सोडवणारी यंत्रणा मुकी.

बावस्करनं माझ्याकडे पाहिलं नाही. चांगलं केलं.
"गो अराउंड," मी म्हणाले, आणि उतरत आलेला उतार
विमान परत चढलं, पोटात एकशे चौसष्ट माणसं,
त्यांतली निम्मी फोन चालू करायच्या बेतात.

उरणच्या बाजूला समुद्रावर बत्तीस मिनिटं घिरट्या.
इंधन जळत होतं, आम्ही हलके होत होतो.
बाकी नुसतं वाचन. बावस्कर ओळ वाचायचा,
मी बटणावर बोट ठेवायचे, तो म्हणायचा, "बरोबर."
धावपट्टी सदतीसशे मीटर. आम्हाला लागणार अठ्ठावीसशे.
उरलेले नऊशे त्यानं दोनदा मोजले,
वाण्याकडून आलेले सुटे मोजावेत तसे.

एक ओळ मला पाठ होती, तरी पुन्हा वाचायला लावली:
दाब हजाराच्या वर जाऊ देऊ नये.
हजाराच्या पलीकडे चाक फिरायचं थांबतं,
टायर घासतो, फुटतो,
आणि विमान थांबायचं सोडून घसरतं.
म्हणजे थांबायचंच असेल
तर जीव तोडून थांबायचं नाही.

प्रवाशांना सांगितलं, थोडा उशीर, तांत्रिक तपासणी.
"तपासणी"वर माझा आवाज जरा वर गेला.
बाराव्या रांगेतल्या एका बाईंनी, नंतर कळलं,
तेव्हाच शेजारच्या अनोळखी मुलाला अर्धा लाडू दिला.

दादांनी नोकरीची शेवटची चार वर्षं
उलव्याची टेकडी डंपरनं खाली आणली,
याच भरावात ओतली. मी तेव्हा को-पायलट,
सुट्टीत एकदा त्यांच्या शेजारी बसले होते.
उतार, वीस टन मुरूम, आणि केबिनमध्ये जळका वास.
त्यांनी गिअर खाली घेतला, पाय टेकवला, उचलला,
वाट पाहिली, टेकवला.
"बिरेक दाबाचा नाय, पोरी. बिरेकला इचाराचा."
खाली पोचल्यावर चाकाच्या लोखंडावर थुंकी टाकली.
चुर्र झालं.
"तापलाय," म्हणाले, आणि डबा उघडला.

हे मी बावस्करला सांगितलं नाही.
कॉकपिटमध्ये तेव्हा चेकलिस्टबाहेरचं बोलत नाहीत.

टेकलो.
इंजिनं उलटी ओरडली.
मी टाचा जमिनीवर ठेवल्या, पेडलवर काही नाही.
ते काही सेकंद: आख्खं शरीर म्हणतंय दाब, दाब,
आणि दिव्यांच्या दोन रांगा अंगावर धावतायत.
वेग ओसरला. मग विचारलं.
"सहाशे," बावस्कर काट्यावर नजर ठेवून. "आठशे. नऊशे."
सोडला. विचारलं.
"आठशे. साडेनऊशे. मॅडम..."
ऐकलं रे.
खालून भराव जात होता, खेपेमागून खेप.
कुठल्या मीटरखाली त्यांची कुठली खेप,
याचा नकाशा कोणाकडे नाही.

साठ. चाळीस. मग चालत्या माणसाचा वेग.
पुढे लाल दिवे, चारशे पावलांवर.
मागून टाळ्या आल्या. मला राग आला, मग नाही आला.

रईस तुंगेकर बॅटरी घेऊन चाकाखाली वाकला,
आधी मला लांब उभं करून.
"गरम आहे मॅडम, हात नको."
पकडीत घासून उघडी पडलेली एक तार त्यानं दाखवली,
जखम बाजरीच्या दाण्याएवढी.

घरी फोन केला. दादा जागेच होते.
"उतरलीस?"
"उतरले. थोडं पुढं गेलो."
"कोनच्या टोकाला?"
"समुद्राकडच्या."
ते जरा थांबले. टीव्हीचा आवाज कमी झाला.
"तिकरं मुरूम चांगला पडलाय," म्हणाले.