डावीकडे

महिनाभर सांगत होते, गाडी डावीकडे ओढते.
तुकडोजी पुतळ्याच्या सिग्नलला ब्रेक मारला
की स्टिअरिंग हातातून निसटू बघतं,
बाजारात पोर खेळण्यांच्या दुकानाकडे ओढतं तसं.
होमराज म्हणाला, रस्त्याले उतार आहे.
मग म्हणाला, टायरमधली हवा.
मग जेवताना, वरणातली मिरची ताटाच्या कडेला ठेवत,
"तुहाच पाय जड आहे."

त्यानंतर नऊ दिवस
आमच्या घरात फक्त कूलर बोलला.

दहाव्या दिवशी, रविवारी, मेडिकलची नाइट संपवून आले.
नवतपा लागलेला. सकाळी आठलाच मानेवाडा रोड तव्यासारखा,
आणि डाव्या चाकातून जळक्या पॅडचा वास.
पार्किंगमध्ये हॉर्न दिला. एकदाच.
तो बनियनवर खाली आला.
डाव्या चाकाजवळ हात नेला, झटकन मागे घेतला.
उजव्याजवळ नेला, तिथे ठेवला.
ताप असाच बघतात.
मी वर जाऊन झोपले.

पाच वाजता भिंतीची सावली गाडीपर्यंत आली
तेव्हा तो कॉटन मार्केटमागून नवा कॅलिपर घेऊन आलेला,
जॅक, खाली स्टँड, चाक बाजूला.
जुना कॅलिपर त्यानं काढून माझ्यापुढे धरला, न बोलता:
पिस्टनचं रबर फाटलेलं, आत गंज,
आतला पॅड झिजून झिजून नुसता पत्रा.
बिचारा धरायचा ठीक,
सोडायचंच विसरला होता.

तांब्याचे वायसर नवे, एक वर, एक खाली.
मग तो इकडेतिकडे बघू लागला.
पारदर्शक नळी हवी होती.
माझ्या कपाटात तारीख उलटलेला सलाइनचा सेट होता,
आणला. रिकामी बाटली आणली.
चप्पल काढून सीटवर बसले, पाय पॅडलवर.

दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
(पाय हळूहळू खाली खचत जातो,
जिना उतरताना एक पायरी जास्त समजल्यासारखा.)
सोड.

नऊ दिवसांत एवढंच बोललो आम्ही,
आणि तेच चाळीस वेळा.
वरच्या मजल्यावरचे उईके काका कठड्याला टेकून ऐकत होते.
नळीत तेल स्वच्छ, एक बुडबुडा नाही,
तरी पॅडल पिकलेल्या चिकूसारखं मऊ.
दाब. दाबलं. धर. अरे धरलंच आहे.

मी उतरले. गुडघे टेकले. मोबाइलचा टॉर्च लावला.
बावीस वर्षं मी नळीला टिचकी मारून
बुडबुडा वर पाठवत आले,
तोवर पेशंटची बायको माझ्या बोटांकडे बघत असते.
"होमराज, हवा वर जाते."
"मंग?"
"तुझं निपल खाली आहे."

तो बघत राहिला.
मग खोका उचलला, चष्मा कपाळावर सारून वाचला:
उजवी बाजू.
दुकानदारानं उजवा दिला होता, यानं डावीकडे बसवला होता,
आणि तो बसलाही होता, हीच तर गंमत.
"त्या अझहरच्या..." म्हणाला, पण पुढचं गिळलं.
दुकान बंद व्हायला वीस मिनिटं.
माझी अ‍ॅक्टिव्हा घेऊन गेला, हेल्मेट विसरून.

साडेदहाला गाडी रस्त्यावर काढली. मी चालवत होते.
गरम वारा, टरबुजाच्या ढिगावर एकच बल्ब,
आणि समोर पुतळ्याचा सिग्नल लाल.
दाबलं.
गाडी सरळ उभी राहिली,
पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर आधी.

शेजारी होमराजचा उजवा पायही
रिकाम्या मॅटवर घट्ट दाबलेला होता.
मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं पायाकडे.
"तो पाय जड म्हटलं होतं ना मी..." त्यानं सुरुवात केली.
मी थांबले. पुढे काय म्हणतो, खरंच ऐकायचं होतं.
सिग्नल सुटला. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न दाबला तो सोडेचना.