षरा

महिन्याचा शेवटचा शनिवार.
सकाळची शाळा सुटली, बसव्वानं पातेली पालथी घातली,
आणि मी मासिक उपक्रमांचा तक्ता पुढं घेतला.
कन्नडात छापलेले सहा रकाने:
तारीख, उपक्रम, उद्देश, हजर मुलं, फोटो आहे की नाही,
आणि अगदी कडेला, करंगळीएवढा, 'षरा'.
आपण शेरा म्हणतो तोच.

पट चौदा. खोली एक.
फळ्याचे मी खडूनं पाच वाफे पाडलेत.
कधी पाचवीचा भागाकार
पहिलीच्या बदकात घुसतो,
आणि भैरू ओरडतो, "बाई, बदकाला बाकी उरली!"

जूनचा तक्ता सोपा होता. दोन नावं आली, तीन गेली.
जुलैत ओढ्यानं सगू झोरेला
धनगरवाड्यावरून अलीकडं येऊ दिलं नाही.
सव्वीस दिवस.
ओढ्याला रकाना नव्हता.
पुढचे तीन महिने मी एकाच शाईनं भरले,
आता माझे मलाच वाचवत नाहीत.

डिसेंबरात, कन्नडच्या तासाला,
तनुष्कानं आपलं नाव दोन्ही लिपींत लिहिलं
आणि पाटी लांब धरून म्हणाली,
"मराठीत समदी एका छपराखाली.
कन्नडात ज्याचं त्याचं मुंडासं."
गंगव्वा टीचर खानापूरच्या बसची वेळ विसरून हसल्या.
त्या खुणेला तलेकट्टूच म्हणतात, म्हणाल्या,
डोक्याला बांधायचं ते.
मी रकान्यात लिहिलं: अक्षरओळख.

या महिन्यात वजन आणि माप.
तराजू शाळेचा आहे, वजनं कधीच हरवलीत.
रेशन दुकानातून एक किलोचं आणलं, सहीवर, दोन दिवसांसाठी.
मुलांनी दप्तरं तोलली, पाण्याच्या बाटल्या तोलल्या,
दर्शनच्या चपला तोलल्या:
दोन्ही सारख्या भरेनात,
एक त्याच्या भावाची निघाली.

मग सगू उठली.
जूनपासून ती मान हलवते, तेवढंच.
दप्तरातून तिनं काढला एक काळा दगड,
धरून धरून गुळगुळीत झालेला.
"शेर," म्हणाली. "आज्याचा."
ह्याच्यावर लोणी तोलून
तो जांबोटीच्या बाजारात विकायचा.

एका पारड्यात किलो, दुसऱ्यात शेर.
किलो खाली गेला.
"खोटा हाय!" दर्शन.
सगूनं त्याच्याकडं बघितलंच नाही.
बसव्वाच्या ताटलीतलं लिंबू उचललं, दगडाशेजारी ठेवलं.
एक खडू. अजून एक.
तिसरा मोडून अर्धा.
काटा उभा राहिला.
आपल्या श्वासानं पारडं हलेल म्हणून
भैरूनं तोंडावर हात धरला.
दारातून गंगव्वा टीचर हळूच म्हणाल्या,
"आमच्यात सेरु."

पाचवीनं लगेच हिशोब मांडला.
दहा किलोला लिंबं किती, शंभराला किती,
आणि कुणीतरी विचारलंच,
"म्हणजे तुझा आजा किलोमागं लिंबूभर कमी द्यायचा?"

"न्हाई," सगू म्हणाली.
"तोलून झालं की वर एक गोळा घालायचा.
त्यो मोजायचा न्हाई."

वर्षातलं तिचं सगळ्यात लांब बोलणं.
फळ्यावर त्याला वाफा नव्हता.

तारीख भरली. उपक्रम भरला. उद्देश: वजनाची ओळख.
हजर: चौदा.
फोटो: नाही. फोन कपाटात होता,
आणि आठवणसुद्धा झाली नाही.
सोमवारी ऑफिसातून विचारतील,
बॅनर कुठाय, मुलं रांगेत का नाहीत.

षऱ्याचा रकाना उरलाय.
'सगू बोलली' एवढं मावलं.
गोळा मावला नाही,
रेघेबाहेर गेला, मग तसाच राहू दिला.

रेशनवाल्याचं वजन परत द्यायचंय.
शेर मात्र सगू टेबलावर ठेवून गेली,
विसरली की मुद्दाम, विचारलं नाही मी.
खिडकीतून वारा येतोय.
तक्ता उडू नये म्हणून
तोच ठेवलाय वर.