हलला की हलवला

वेंगुर्ल्याच्या बंदराला लागून बर्फाचा कारखाना,
त्याच्या हिशेबाच्या खोलीत दर शनिवारी आम्ही पाच जणं.
टेबलावर वीस बाजूंचा फासा,
झेरॉक्स काढून स्पायरल बांधलेलं नियमपुस्तक,
आणि राक्षस म्हणून तिसऱ्यांच्या दोन शिंपल्या.

इनासचा योद्धा पुलाच्या टोकाला.
सलमाच्या चेटकिणीनं वारा सोडला राक्षसावर,
लागला इनासला.
तीन घरं मागे, शिंपलीला घासून.

खेळ चालवणारा मी. नियम वाचणंही माझ्याकडेच.
शत्रूच्या टप्प्यातून जो बाहेर पडेल
त्याच्यावर शत्रूचा एक फुकट वार.
इंग्रजीत तिथं एकच क्रियापद आहे, दोन्हीकडे चालणारं.
मराठीत आणताना माझी जीभ अडते.
जो हलेल? की जो हलवला जाईल?

"मी खंय हल्लंय?" इनास उभाच राहिला. "माका हलवल्यान!"
गुणाजी पोस्टात आहे, त्याला शब्दाला शब्द लागतो.
"पाय तुझेच ना?
आपल्या मर्जीनं, असं लिहिलंय का कुठं?"
सलमा म्हणाली, वारा माझा, चूक माझी,
वार त्याच्यावर का?
तळटीप म्हणते पान एकसष्ट पाहा.
पान एकसष्ट झेरॉक्सवाल्यानं दोनदा काढलंय,
बासष्ट काढलंच नाही.

पावणेदहा झाले.
कॉम्प्रेसर थांबला, आणि मग कळलं
इतका वेळ आपण किती ओरडत होतो.

बाबल मोर्जे तेवढा गप्प.
तो धनुर्धर खेळतो, सहसा गप्पच असतो.
नखानं शिंपलीचा काठ खरवडत होता.

ऑक्टोबरात त्याच्या होडीचं इंजिन बसलं
निवतीच्या दिव्याच्या बाहेर.
पाण्यानं रात्रभर ओढत नेली,
उजाडताना ती आत होती, जाळ्याला मनाई असलेल्या पट्ट्यात.
'सदर नौका मनाई क्षेत्रात आढळून आली.'
आढळून आली.
कुणी आणली, याला फॉर्मात रकाना नव्हता.
दंडाची पावती फाडली ती मी,
मत्स्य खात्याच्या खिडकीमागून,
अक्षर सुवाच्य, शिक्का सरळ.
तेव्हा तोही म्हणाला होता,
मी नेलंय नाय, साहेब.
मी म्हटलं होतं, नियम आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते.
फासा इनासच्या मुठीत घामेजलेला.

"वार नाही," मी म्हटलं.
"ढकललेला तो हललेला नव्हे."
इनासनं टेबलावर थाप मारली, शिंपल्या उडाल्या,
गुणाजी म्हणाला, आधार काय?
आधार नव्हता.
मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं,
पुढच्या वेळी वाद नको म्हणून.

बाबलनं पुस्तक आपल्याकडे फिरवलं.
ओळ वाचली. परत वाचली.
मग खिशातलं पेन काढून
माझ्यापुढं ठेवलं.

"शाईन लिव," म्हणाला.