खाऱ्या पाण्याची तोंडओळख

ती काळी काठी खाली ठेवा, एवारिस्तो.
पाच मीटर लांब, माझ्या दुकानातली सगळ्यात महाग
आणि तुमच्या कामाची सगळ्यात कमी.
विकली तर माझं वीजबिल निघेल,
पण तुमचा खांदा निखळेल,
आणि दोष ला पालोमाच्या समुद्राला लागेल.

तुम्ही ताकुआरेंबोकडचे.
ओढ्याकाठी, विलोच्या सावलीत गळ टाकून
डुलक्या काढणारा माणूस.
चाळीस वर्षं कत्तलखान्यात सुरी धरलीत,
आता बहिणीचं हे पत्र्याचं घर, दीपस्तंभामागचं,
थोडी पेन्शन,
आणि सकाळी सहापासून पुढं काहीच नाही.

ते रीळ दाखवा. हं.
छान आहे. घरी कपाटात ठेवा.
गोड्या पाण्याचं आहे ते.
मीठ आधी त्याची स्प्रिंग खाईल,
मग बेअरिंग, मग तुमची झोप.
माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं, ठीक;
इथं मीठच खातं,
आणि कशालाही जागत नाही.

दोरा पस्तीसचा पुरे.
टोकाला दहा मीटर जाड जोडायचा, साठचा,
कारण फेकताना झटका तोच सोसतो.
नाहीतर एकशेवीस ग्रॅम शिसं सुटतं
आणि पाद्रोनांच्या कुत्र्याला लागतं.
(लागलं होतं. जगला. अजून माझ्या दारावरून जात नाही.)
शिसं हे तारांच्या पायांचं घ्या,
वाळूत खेकड्यासारखं रुतून बसतं.
भोवरकड्या सहा. नाही, दहा. तुम्ही हरवणार आहात.

गळ मात्र लहान.
मोठ्या गळाला मोठा मासा,
हा हिशेब कत्तलखान्यातला.
कोर्बिनाचं तोंड खाली वळलेलं असतं,
तळाची वाळू चाचपत येते ती,
आधी चोखते, विचार करते.
तेव्हा हिसका देऊ नका. तेव्हाच तर देऊ नका.

गाठ मारली की ओढण्याआधी थुंकी लावा.
हसू नका. कोरडी गाठ स्वतःलाच भाजते.

आणि पाणी बघायला शिका.
नवखा माणूस लाट फुटते तिथं फेकतो,
पांढरं दिसतं म्हणून.
जिथं फुटत नाही, दोन फेसांच्या मधे
जो गप्प, काळपट पट्टा असतो,
खोली तिथं आहे. तीस पावलांवर.
शंभर मीटर फेकणाऱ्यांना
पायाशी फिरणारे मासे
उभ्या जन्मात भेटले नाहीत.

थांबा, बिल नंतर.
आत पडद्यामागं एक काठी आहे.
साडेतीन मीटर, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली.
मार्चमध्ये टोकाची कडी तुटली म्हणून आणून दिली,
म्हणाली, नेलिदा, शुक्रवारी नेते.
ऑदुलिया कधी पत्रातून बोलली नसेल तुम्हाला.
बायकांनी रात्री किनाऱ्यावर एकटं उभं राहणं
तुमच्या घरात कुणाला पटलं असतं?
इथं सगळ्यांना ठाऊक होतं.
सुदेस्तादा सुटली की दुकानं बंद,
आणि तिचा पिवळा रेनकोट आग्वादाच्या वाळूवर.

घ्या. हातात धरा.
नाही, अशी नाही, बोटं थोडी खाली.
ट्यूब दबलीय तिथं. हो, तिथंच.

कडी मी बदललीय. त्याचे दोनशे ऐंशी पेसो.
तिच्या उधारीतली कोळंबी वेगळी,
ती मी वहीतून खोडली,
तुम्ही पुन्हा लिहायला लावू नका.

आज नका जाऊ. वारा दक्षिणेचा आहे,
पाणी सोलल्यासारखं झालंय.
उद्या ओहोटी संपताना,
पाऊण तास आधी उभे राहा.
पहिले आठ दिवस काही मिळणार नाही.
नवव्या दिवशी बहुधा बर्रिकेता,
तळहाताएवढी, सोडून द्यावी अशी.

परत आलात की आधी काठीला गोडं पाणी,
मग हातांना, मग माते.
हा क्रम चुकला की मला कळतं.
मी मुठीचा वास घेऊन बघते.