सोळावं धुराडं

उर्मो आंघोळीला गेला की मी वही काढते.
काळं पाणी निवळेपर्यंत
माझे दोन रकाने भरून होतात.

डावीकडे, काम मिळो न मिळो, जाणारे पैसे:
गॅरेजचं भाडं एकशे ऐंशी, व्हॅनचा हप्ता दोनशे चाळीस,
विमा पासष्ट, फोन पंधरा.
पाचशे युरो.
जुलैत विल्यांदीत कुणी शेगडी पेटवत नाही,
सगळं गाव तळ्यात डुंबत असतं,
तेव्हाही हे पाचशे घरजावयासारखे
पाय पसरून बसलेले.

उजवीकडे धुराड्यागणिक:
डिझेल सहा, ब्रशची झीज दोन, मास्कची जाळी दोन.
पंचेचाळिसातून दहा गेले, उरले पस्तीस.
पाचशे भागिले पस्तीस, चौदा आणि वर थोडं.
वरचं थोडं धुराडं कुणी झाडून घेत नाही,
म्हणून पंधरा.
पंधरा व्हॅनची, गॅरेजची, विम्याची.
सोळावं आमचं.

इथवर सोपं.
अडतं ते बटणांपाशी.

उर्मोच्या काळ्या कोटाला आठ पितळी बटणं.
धुराडेवाल्याच्या बटणाला हात लावला की नशीब उघडतं,
असं आमच्याकडे मानतात.
परीक्षेला निघालेली पोरं लावतात,
लॉटरीचं तिकीट घेतलेले लावतात.
गेल्या मंगळवारी हेल्यू म्हातारी, ऑपरेशनला चाललेली,
टॅक्सी थांबवून उतरली
आणि बटण मुठीत घेऊनच गेली.

नवं बटण चार युरो.
धुराड्यांवर मोजावं, तर जुलैतही तुटतात.
कायमचं म्हणावं, तर या महिन्यात एक, त्या महिन्यात तीन.
आणि दोरा माझा, सुई माझी, डोळे माझे,
ते तर कुठल्याच रकान्यात नाहीत.
उर्मो म्हणतो, जाहिरात म्हणून लिही.
त्याला काय जातं म्हणायला.

आज विम्याचं पत्र आलं.
पासष्टाचे एकशे पस्तीस.
पाचशे सत्तर भागिले पस्तीस.
दोनदा केलं, हातचा तपासला.
सतरा.
सोळावंही गेलं.

एकोणीस वर्षं मी या बटणांना टाके घालतेय,
नशिबासाठी म्हणून हात कधी लावला नाही.
घरचंच तर आहे.

कोट खुंटीला. आत पाणी अजून वाहतंय.
वरून तिसरं बटण सैल झालंय.
आधी ते धरून ठेवते, जरा वेळ.
मग सुई शोधते.