टोकाची गाठ

खाली उतरलं की माणूस आधी श्वास सोडतो.
मुतलक काका म्हणायचा, श्वास नंतर.
आधी गाठ सोड.

भिंतीतल्या लोखंडी कडीत ओवलेला दोर,
दोन्ही पदर खाली, सारखे,
आणि दोन्ही टोकांना एकेक गाठ,
दमल्या हाताने कुणी टोकावरून निसटू नये म्हणून.
पण दोर परत घ्यायचा तर एक पदर ओढायचा,
म्हणजे दुसरा वर जाणार, कडीतून पलीकडे येणार,
आणि कडीला काय ठाऊक
कोणती गाठ कोणाच्या जिवासाठी मारलेली.

मी सतरा वर्षांचा. रम्मच्या वाळवंटात
ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकत होतं,
खाली आमची जीप काडेपेटीएवढी,
आणि आम्ही दोघे उंटाच्या खोगिराएवढ्या कंगोऱ्यावर.
काका पाठमोरा, पुढच्या उतरणीसाठी छिद्र शोधत.
म्हणाला, ओढ.

मी ओढला.
दोर मऊ, शहाण्यासारखा येत गेला.
आणि माझ्या नाकासमोरून
वर निघाली गाठ,
लहान मुलाच्या मुठीएवढी.

हात लांबवला असता तर सापडली असती.
मी नाही लांबवला.
एवढंच म्हणायचं होतं: थांब, चुकलं.
ते म्हणायची लाज वाटली एक श्वासभर.
तेवढ्यात ती दीड माणूस उंच गेली होती.

पुढे मी ओढतच राहिलो.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
वाटलं, कडी मोठी आहे, जाईल कदाचित पलीकडे.

तीस मीटर वर काहीतरी टक् झालं.

काकाने दोर हातात घेतला,
एक झटका, एक लाट, मग दोघांचं वजन.
वरून थोडी तांबडी वाळू आली, चहाच्या भुकटीसारखी.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
पायाशी पडलेल्या दोराच्या टोकाकडे पाहिलं.
त्या टोकालाही गाठ तशीच होती.

"दैफल्ला," तो म्हणाला, "सुरी दे."

चढून जाता आलं असतं त्याच दोरावरून,
पण अडकलेल्या गाठीवर जीव टांगायचा नसतो,
ती जशी अडकली तशी सुटेलही.
म्हणून डोक्यावर हात पोचेल तिथे
त्याने दोर कापला.
खाली राहिला अर्धा, हातभर जास्तच.
खाली अजून साठ मीटर कातळ,
आता पंधरा-पंधराने.

पहिल्या छिद्रात आमचा शेवटचा पट्टा गेला.
दुसऱ्यात जीपच्या सामानाची दोरी.
तिसऱ्यात काकाचा लोकरी कमरबंद,
जो काकूने विणला होता आणि ज्याबद्दल
घरी काय सांगायचं यावर आम्ही
कुठे पाय टाकायचा यापेक्षा जास्त बोललो.
दर वेळी तो मला गाठ सोडायला लावायचा
आणि मोठ्याने म्हणायला:
सुटली.
समोरची भिंत म्हणायची, सुटली.
अंधारात चौथ्यांदा म्हणालो तेव्हा
पायाखाली वाळू होती
आणि आवाज माझा वाटत नव्हता.

काकाने ही गोष्ट कोणत्याच शेकोटीशी सांगितली नाही.
रागावला असता तर बरं झालं असतं.

आता मी पाहुण्यांना घेऊन जातो.
तो तुकडा अजून तिथे आहे,
निळा होता, उन्हाने राखेच्या रंगाचा झालाय.
वारा असला की भिंतीवर हळूच आपटतो.
पाहुणे दुर्बीण लावतात, विचारतात,
कुणाचा हो तो?
मी म्हणतो, राहिला असेल कुणाचा तरी.
काका तेव्हा किटलीत साखर घालत असतो,
नेहमीपेक्षा थोडी जास्त.

मग आम्ही चढतो, उतरतो,
आणि खाली आल्यावर एखादा हुशार पाहुणा
मी न सांगता दोर ओढायला हात घालतो.
त्याच्या मनगटावर
माझा हात आधीच असतो.