रिव्हर्स तेवढा शिल्लक

चांप्याच्या चढावर मी चौथ्यातून तिसऱ्यात आणली
तर तिसरा तिथे नव्हताच.
दांडा हातात मोकळा फिरत राहिला
वरणातल्या पळीसारखा.
इंजिन ओरडतंय, चाकांना पत्ता नाही.
मागे कोळशाचा ट्रक, त्याचा हॉर्न,
आणि डांबरावर पसरलेला मे महिना.

निखारे मिस्त्री गाडीखालून बाहेर आला.
बोटाचं तेल त्याने अंगठ्यावर चोळलं,
त्यात चांदीसारखा चुरा चमकत होता.
"हे दात होय मॅडम, गिअरचे.
चावून चावून झिजले.
नवा डब्बा टाकाल त गाडीहून महाग पडते.
रिव्हर्स तेवढा लागते. बाकी सारं गेलं."

चार लाख बारा हजार सहाशे अडतीस.
भाच्याने हिशेब केला,
आत्या, एवढ्यात चंद्र मागे पडला असता.
असेल.
मी उमरेडला जात होते,
अकरावी 'ब'ला रसायनशास्त्र शिकवायला,
आणि संध्याकाळी परत नंदनवनात.
चंद्रावर प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायला
कोण बोलावतंय.

मागच्या सीटवर, डावीकडे,
देशकर सरांच्या डोक्याचा तेलकट गोल अजून आहे.
दिघोरी नाक्यावर बसायचे, विहीरगावला घोरायचे.
डिझेलचे पैसे एक तारखेला, पाकिटात,
सुट्ट्यांसह.
ते निवृत्त झाल्यावरही दोन वर्षं
नाक्यापाशी माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

खणातून निघालं ते असं:
खडूचे तुकडे, निळा लिटमस अर्धा,
एका बॅचची हजेरीपट्टी,
आईच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.
खण परत लावला. पाकीट पर्समध्ये टाकलं.
का, ते विचारू नका.

तिसरा गेली चार वर्षं सुटून बाहेर यायचा.
पाचगावपासून मी तो डाव्या हाताने दाबून धरायचे,
उजव्या हाताने रस्ता.
एवढा वेळ मी कुणाचा हात धरलेला नाही,
असं वाक्य मनात येतं
आणि मी ते लगेच खोडते.
धातूवर धातू घासला, एवढंच.
वंगण कमी पडलं, एवढंच.
तेल बदलायचं दोनदा मीच पुढे ढकललं होतं,
हे मात्र खोडता येत नाही.

कुरेशी भर बाराला आला,
डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून.
तो तेवीस हजार, मी पंचवीस.
चोवीसवर अडला. बोनेटवर टिचकी मारली.
मग बहुधा माझ्याकडे बघून
वर पाचशे.

गल्लीत शेंड्यांच्या लग्नाचा मांडव,
क्रेन काही आत शिरेना.
तेव्हा निखारेच स्टिअरिंगवर बसला.
"मागं मागंच नेतो चौकापर्यंत.
तेवढं त करन बिचारी."

देवळातून निघताना काही माणसं पाठ दाखवत नाहीत,
तशी ती गेली.
तोंड माझ्याकडे,
उजवा दिवा फुटका,
नंबर प्लेटचा एक स्क्रू गळलेला,
रिव्हर्सची ती कर्कश धून वाजवत,
जी बंद करा म्हणून शेजारी नऊ वर्षं सांगत होते.
शेंड्यांची पोरं मांडवातून धावत बाहेर आली,
नवरदेवाची गाडी समजून,
आणि हिरमुसून आत गेली.

मी हात हलवला नाही.
उजव्या हातात नोटा होत्या.
डावा खाली, मुठीत,
काहीतरी दाबून धरलेला.